नानांचा वैयक्तिक खुलासा

खासदार नाना सकाळच्या चहाचा पहिला घोट घेत होते, तेवढ्यात बायकोने वर्तमानपत्र त्यांच्या पुढ्यात आपटलं.

"हे काय करून ठेवलंत?"

नानांनी आधी चष्मा शोधला, मग बातमी. संसदेत कोणता खासदार किती बोलतो, काय विचारतो आणि कोणत्या बाजूने मत देतो याच्या नोंदी ठेवणाऱ्या एका संस्थेचा वार्षिक अहवाल छापून आला होता. सर्वांत जास्त प्रश्न, सर्वांत जास्त भाषणं आणि वेळ आली तर स्वतःच्या पक्षाच्याही विरोधात मत देणारा निर्भीड सदस्य म्हणून पहिल्या क्रमांकावर नानांचा फोटो झळकत होता. मूळ फोटोत नाना जांभई देत होते, पण छापल्यावर ते गरजत असल्यासारखे दिसत होते.

"अगं, हा मी नव्हेच!"

"ते मला सांगताय? घरात आमटीत मीठ नसलं तरी तोंड उघडत नाही तुम्ही. तिथे बरा कंठ फुटला!"

बायकोचं म्हणणं अगदी खरं होतं. नाना तिसऱ्यांदा निवडून आले होते आणि सभागृहात त्यांनी अजून एक शब्दही उच्चारला नव्हता. आता कुणी म्हणेल, बिचारे बुजरे असतील. छे! ती त्यांची तपश्चर्या होती. पक्षात जे बोलले ते मागच्या बाकावर गेले आणि जे गप्प राहिले ते लाल दिव्याच्या गाडीत बसले, हे नानांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आता लवकरच मंत्रिमंडळात फेरबदल व्हायचा होता. पक्षप्रमुख साहेबांनी गेल्याच आठवड्यात त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं होतं, "नाना, तुमच्यासारखी शांत माणसं हवीत आम्हाला." तेव्हापासून नाना त्या पाठीला उशी लावतानासुद्धा जपून लावत.

फोन वाजला. साहेबच होते.

"अभिनंदन, नाना," साहेब म्हणाले. लोक सांत्वनाला जातात तेव्हा ज्या सुरात बोलतात तोच तो सूर होता. "पहिला नंबर काढलात. आमच्या विरोधात मतं काय, प्रश्न काय, नुसता धुमाकूळ!"

"साहेब, मी तर कधी—"

"बघा, पुन्हा बोलताय."

"नाही साहेब, चूक झालीय त्यांची."

"चूक असेल तर दुरुस्त करून आणा. छापून आणा. मग बघू." फोन बंद झाला.

साहेबांचा तरी काय दोष? ते स्वतः सभागृहाकडे क्वचितच फिरकत, त्यामुळे तिथे काय चालतं हे त्यांना पेपरातूनच कळे. बाकीच्या सदस्यांनी त्यांना खरी गोष्ट सांगितली असती, पण त्यासाठी त्यांना हजर राहावं लागलं असतं.

गाडीत बसल्यावर नानांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जागा! सभागृहात त्यांच्या नेमून दिलेल्या जागेवर वरून एसीचा झोत थेट मानेवर यायचा आणि दुपारी डोळा लागला की मान आखडायची. शेजारी बसायचे त्यांच्याच पक्षाचे वकीलसाहेब. देह भरभक्कम, सदा घामाने निथळलेला. "तुम्हाला गार सोसत नाही, मला उकाडा सोसत नाही," असं म्हणून दोघांनी वर्षभरापूर्वी आपसात जागा बदलून घेतल्या होत्या. ना अर्ज, ना परवानगी. घरात जेवायला बसताना बदलतात तशा. आता सभागृहातला माइक आणि मत देण्याचं बटण जागेच्या क्रमांकाला जोडलेलं असतं, हे नानांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं. माइक त्यांनी कधी वापरला नव्हता आणि बटण ते शेजारच्याचं बघून दाबत. तेही वकीलसाहेबांचं नव्हे, पलीकडच्याचं. वकीलसाहेब मात्र रोज उठून सरकारला उभं-आडवं घेत होते, आणि ते सगळं जमा होत होतं नानांच्या नावावर.

संस्थेचं कार्यालय चष्म्याच्या दुकानावरच्या एका खोलीत होतं. खोलीत दोन टेबलं, एक कूलर आणि निवृत्त शाळामास्तरीण बाई. वर्गात पाऊल टाकल्यावर जशी नजर टाकायच्या, तशीच त्यांनी नानांवर टाकली. नाना नकळत ताठ उभे राहिले.

"या, पहिल्या नंबरवाले! गळ्यातला हार कुठाय?"

"बाई, माझी फार बदनामी झालीय हो. मी आयुष्यात प्रश्न विचारलेला नाही." नानांनी जागांची सगळी हकीकत सांगितली.

बाईंनी ती मन लावून ऐकून घेतली. "इथे रोज एक खासदार येतो. मी हजर होतो, मी बोललो होतो, तेवढं लिहून घ्या म्हणतो. मी बोललोच नाही म्हणणारे तुम्ही पहिलेच."

"मग पुसता ना?"

"असं कसं पुसू? मी कुणाच्या सांगण्यावरून एक अक्षर बदलत नाही. सभागृहात जे घडतं तेवढंच लिहिते. तुम्ही सभागृहात उभे राहा, वैयक्तिक खुलासा करा. मी गॅलरीत बसून ऐकेन आणि संध्याकाळच्या आत दुरुस्ती छापायला देईन."

"म्हणजे मी बोलत नाही, हे सांगायला मी बोलायचं?"

"दोन वाक्यं. तोंडी परीक्षा समजा."

नानांना दरदरून घाम फुटला. त्यांनी तडक वकीलसाहेबांना गाठलं. ते उपाहारगृहात एकटेच, प्रसन्न चेहऱ्याने बसले होते.

"वकीलसाहेब, तुम्हाला सवय आहे. तुम्हीच उभं राहून सांगा ना, की ते सगळं तुम्ही बोललात."

"वेडे आहात का?" वकीलसाहेबांनी कप खाली ठेवला. "इतकी वर्षं बोलून बोलून घसा फोडून घेतला, काय मिळालं? काल साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, वकीलसाहेब, तुम्ही सुधारलात, यंदा तुमच्या नावावर एकही प्रश्न नाही. खातं कुठलं आवडेल, तेही विचारलं."

"पण ते खातं माझं होतं हो!"

"आता तुम्ही निर्भीड आहात ना? मग सोसा."

घरी बायकोने नानांना खुलासा लिहून दिला. 'मी या सभागृहात आजवर काहीही बोललेलो नाही. माझ्या नावावरची भाषणं आणि मतं, जागा बदलल्यामुळे, वकीलसाहेबांची आहेत.' नाना रात्रभर ती दोन वाक्यं घोकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी सभागृह भरायच्या आधीच आपली मूळची जागा पकडली. न जाणो, दुसऱ्या जागेवरून बोललं तर गप्प असल्याची कबुलीही वकीलसाहेबांच्याच नावावर जायची. एसीचा झोत मानेवर बसला, पण नाना हलले नाहीत. गॅलरीत बाई चष्मा पुसत बसल्या होत्या.

सभापतींनी नाव पुकारलं. नाना उठले.

"मी या सभागृहात आजवर काहीही बोललेलो नाही. माझ्या नावावरची भाषणं आणि मतं, जागा बदलल्यामुळे, वकीलसाहेबांची आहेत," नाना म्हणाले. आपलाच आवाज माइकमधून ऐकून ते दचकले. समोरच्या बाकांवर खसखस पिकली.

"का नाही बोललात?" विरोधी बाकांवरून कुणीतरी ओरडलं.

याचं उत्तर कागदावर नव्हतं. नाना गोंधळले. "बोलण्यासारखं काही नव्हतं," ते म्हणाले.

"तुमच्या मतदारसंघातला पूल पडला, ते बोलण्यासारखं नव्हतं का?"

"तो... तो पडला खरा."

"मग?"

इथे नानांनी खाली बसायचं होतं. तसं ठरलंच होतं. पण तो पूल त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला, म्हणजे पडलेलाच उभा राहिला. पावसाळ्यात शाळेची पोरं दप्तर डोक्यावर धरून नदी ओलांडायची. नानांची सख्खी बहीण पलीकडच्या गावात होती. पूल व्हायच्या आधी तिच्या बाळंतपणात बैलगाडी नदीत अडकली होती, आणि त्या रात्री नाना काठावर कंदील धरून गप्प उभे होते. तसेच, जसे इथे उभे होते.

"अहो, नवाकोरा पूल एका पावसात पडतोच कसा?" नाना म्हणाले. "सिमेंट घातलं होतं की नुसती राख? मी विचारतो, कंत्राट कुणाला दिलं होतं? मंत्र्यांनी सांगावं! उद्या नको, आत्ता सांगावं!"

कंत्राट साहेबांच्या जावयाला मिळालं होतं, हे तिथल्या शिपायालाही माहीत होतं. नानांना तर लग्नाच्या पंगतीपासून माहीत होतं. मंत्री खाली मान घालून कागद चाळू लागले. नाना मात्र थांबेनात. तीन निवडणुका पोटात साठलेलं सगळं बाहेर येत होतं. दवाखान्यात डॉक्टर का नाही, शाळेला छप्पर कधी, नळाचं पाणी कुठं जातं. बोलताना त्यांच्या मानेची आखड केव्हा गेली, ते त्यांनाही कळलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांना फार बरं वाटत होतं. सभापतींनी घंटा वाजवून वाजवून शेवटी त्यांचा माइक बंद केला, तरी नाना नुसत्या घशाने बोलत राहिले.

बाईंनी शब्द पाळला. जुनी सगळी भाषणं आणि मतं नानांच्या नावावरून काढून वकीलसाहेबांच्या नावावर टाकली, आणि नानांच्या नावावर लिहिलं, भाषण एक. साहेबांचा फोनही आला, पण त्यांनी अभिनंदन केलं नाही. वकीलसाहेबांचंही खातं गेलं, नानांचंही गेलं. मंत्रिपद मिळालं ते मतदानाच्या वेळी नाना ज्यांचं बघून बटण दाबत, त्या पलीकडच्या सदस्यांना.

संध्याकाळी बायको चहा घेऊन आली. तिने कप त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"इतकी वर्षं तोंड शिवून बसलात, आणि मिळायच्या वेळेला सगळं घालवलंत," ती म्हणाली. "झालं ते झालं. आता निदान उद्यापासून तरी गप्प बसा."

नानांनी उद्याच्या कामकाजाचा कागद पुढे ओढला आणि चष्मा चढवला.

"आता कशासाठी गं?" ते म्हणाले.