दक्षिण दर्याच्या गाळाची आणि हरबाजीपंतांची हकीकत

श्रीहरी समर्थ. ज्याचे कृपेने पाषाण तरतात आणि ज्याचे आज्ञेने ठायीं बुडतात, त्याचे चरणी माथा ठेवून हकीकत लिहिली ऐसीजे. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरे, माघमासी, एका राज्यी हरबाजीपंत म्हणोन दर्याचे जाणते होते, आणि त्यांचे कुटुंब सगुणाबाई, दर्याचे तळचा गाळ जेथे राखिती त्या गाळखान्याच्या मुख्य होत्या. राज्याचे दूर दक्षिणेस बर्फाचा मुलूख. तेथील हिमाची फौज प्राचीन काळी भूमी सोडोन दर्यात कोठवर चालून आली आणि कधी हटली, हे पाहिलेला मनुष्य नाही. परंतु दर्याचे तळी गाळ बसतो तो सर्व जाणतो. हिम तळावर बसले असता गोट्यांची घट्ट माती, आणि हिम हटोन पाणी मोकळे जाहले म्हणजे मऊ हिरवा गाळ, त्यात सूक्ष्म जिवांची कवचे. गाळासारखा हरिदास नाही. आधीचे खाली, नंतरचे वर, एक पद सोडीत नाही. ऐसे गाळात नळा रोवून वर काढावा, उभा चिरून दोन फाका कराव्या, एक अभ्यासास घ्यावी आणि दुसरीस हात न लाविता मागून येणारांसाठी राखावी, ऐसा दस्तूर.

तर पंत गलबतावर जाऊन ऐसा नळा स्वहस्ते घेऊन आले, आणि अभ्यासाचे फाकेत खाली हिरवा गाळ, वर गोट्यांची माती पाहोन सिद्धांत मांडिला की, हिम एकदा गेले, जीव नांदले, आणि मग हिम पुन्हा परतोन आले. पुढे पंतांस छातीचा विकार जडला, वैद्यांनी हात टेकिले, आणि तेव्हापासून हा सिद्धांत त्यांस फार प्रिय जाहला. उशीस टेकोन म्हणत की गेलेले परतते हो, चिखल साक्ष आहे. आणि बाईंनाही ते ऐकोन धीर येई. मग महाराजांची आज्ञा जाहली की, राखीव फाक दरबारी आणोन पंतांनी वाचोन दाखवावी, त्यांचा सन्मान करू.

दरबाराचे दिवशी सकाळी बाईंनी राखीव फाक उघडिली, सुरीने वरचा पापुद्रा हळू खरडिला, आणि हिरव्या गाळात बोराएवढा दगड दिसो लागला. तरंगते हिम वितळले म्हणजे त्याचे पोटातील दगड सुटोन तळी पडतो आणि मऊ थर त्याचे खाली दबतात, जैसी निजल्या लेकराखाली गोधडी दबते. येथे मात्र दबलेले थर दगडाचे डोईवर होते. दगड काही वर पडत नाही. बाईंनी सुरी खाली ठेविली. नळ्याचे वरल्या तोंडास तांबडे बूच, खालच्यास काळे लावावे, ते गलबतावर धुक्यात, गोठल्या बोटांनी, उलट लागले होते. आणि बोटे पंतांची होती. न बोलावे तर पंतांचे उरले दिवस मानाचे जातील, आणि बोलावे तर त्यांचा आधारच जाईल. परंतु कीर्तनी बुवा चरण चुकले तर मागील टाळकरी त्यांस चुकू देत नाही, हळूच खरा चरण उचलितो, तीच प्रीती. मग बाईंनी पंतांस हात धरोन आणिले आणि फाक पुढे केली.

पंतांनी बहुत वेळ पाहिले, मग म्हणाले, "अगे, हा दगड डोईवरून गोधडी घेऊन का निजला?" बाईंनी सुरीचे टोक दबल्या थरांवर ठेविले. तेव्हा पंतांस उमगले, आणि पुसते जाहले, "बुचे कोणी लाविली?"

"आपणच."

"तरीच. आमचे हातून सरळ काय होते? लग्नात माळ भटजींचे गळ्यात घालीत होतो, तूच हात धरिलास."

दोघेही हासली, आणि हासता हासता बाईंचे डोळे भरले. म्हणाल्या, प्रकृतीचे निमित्त सांगू, जाऊ नये. पंतांनी ऐकिले नाही. मागून येणारांसाठी राखिले ते उलटे कैसे ठेवावे, ऐसे बोलोन पागोटे मागितले.

दरबारी पंतांनी आपली चूक उभ्याने सांगितली, आणि दिवाण रायाजीराव जिभेचे तिखट, त्यांनी टोमणा दिला की, पंतांनी हिमाची फौज दोन बुचांवर माघारी आणिली. पंत म्हणाले, "आणिली खरी. आता जाऊ देतो." आणि फाक फिरवू लागले तो बाईंनी पुढे होऊन दुसरे टोक धरिले आणि दोघांनी मिळोन फिरविली. खाली गोट्यांची माती आली, वर हिरवा गाळ आला. महाराजांनी पुसिले, "म्हणजे ते परतले नाही?"

"नाही महाराज. गेले ते गेलेच." मग पंत बाईंकडे पाहोन हळू बोलिले, "पण जागा ओस पडली नाही. त्याचे मागे किती जीव नांदले पाहा." बाईंनी हिरव्या थराशी बोट नेले आणि मान डोलविली.

सारांश, हिम आले, राहिले आणि गेले, हे गाळाने सांगितले आणि सरळ वाचिले गेले. चैत्रमासी पंत हरिचरणी लीन जाहले. पुढील मोसमी सगुणाबाई नवा नळा आणावयास गलबतावर चढल्या. इतके वर्तमान, हरी सर्वांचे कल्याण करो.