अठराचं ॲव्हरेज

“अठरा,” जगदीश पाटील फोनवर म्हणाले, आणि म्हणताक्षणीच त्यांच्या कानशिलावरून घामाचा ओघळ उतरला.

फोन ठेवून ते वळले तर स्वयंपाकघराच्या दारात हेमलताबाई हातात उलथनं घेऊन उभ्या होत्या.

“काय अठरा?”

“गाडीचं ॲव्हरेज.”

“आपल्या गाडीचं? अहो, ती गॅरेजमधून रस्त्यावर येईपर्यंत अर्धा लिटर पिते!”

“हळू बोल. गिऱ्हाईक आहे.”

“फोन ठेवलाय तुम्ही.”

जगदीशभाऊंचं भडगावात ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं दुकान होतं. नळीतून पाणी थेंब थेंब कसं वाचवावं, हे ते गिऱ्हाइकाला तासभर समजावून सांगत. मात्र घरच्या गॅरेजमध्ये त्यांनी जे सांभाळलं होतं, त्याला थेंब हा प्रकार ठाऊकच नव्हता. लग्नाआधीच्या उमेदीत जळगावच्या एका पारशी इंजिनिअरकडून आणलेली ती एमजीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. लालभडक, दोनच माणसांची, टप नसलेली आणि गतिरोधकाला पोट घासेल इतकी बुटकी. हल्ली एमजी म्हटलं की लोक विचारत, “ही चार्जिंगची का?” चार्जिंगची असती तर बरं झालं असतं, असं जगदीशभाऊंना मनातून वाटे. दोन-दोन कार्बोरेटर आणि दोघांचीही तहान दांडगी.

आता ती विकायची ठरली होती, कारण गॅरेजची जागा हवी होती. मुलगी शीतल फिजिओथेरपी शिकून आली होती आणि दवाखाना गावातच काढायला तयार होती. “पप्पा, दसऱ्यापर्यंत जागा झाली तर इथं. नाहीतर पुण्याच्या हॉस्पिटलला होकार कळवते,” असं तिनं स्वच्छ सांगितलं होतं. एकुलती एक पोर. दसरा तोंडावर आला होता. आणि गाडी जागची हलत नव्हती.

गिऱ्हाइकं आली नव्हती असं नाही. तिघं येऊन गेले. तिघांनीही गाडीभोवती फेऱ्या मारल्या, सेल्फी काढले, मग तोच एक प्रश्न विचारला. हेमलताबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका. त्यांनी तिघांनाही खरं उत्तर दिलं, “सहा. वारा मागून असला तर.” तिघंही चहा अर्धा टाकून गेले. ॲव्हरेज न विचारणारा एकच माणूस भेटला, तो भंगारवाला. त्याला जगदीशभाऊंनी “नंतर या” सांगून फाटकाबाहेर काढलं होतं.

म्हणून साक्रीच्या हितेंद्र देवरेंचा फोन आला तेव्हा त्यांच्या तोंडून अठरा निघून गेलं. देवरे कांद्याचे मोठे व्यापारी, जुन्या गाड्यांचे शौकीन. अठरा ऐकून त्यांनी आकडा पुन्हा एकदा वदवून घेतला. मग म्हणाले, “असं? उद्या येतो. माझ्यासमोर टाकी रिकामी करायची, मोजून दोन लिटर टाकायचं, कजगावला जाऊन परत यायचं. चालेल?”

“पळेल!” जगदीशभाऊ म्हणाले होते.

आता त्यांच्या पायाखालची फरशी पळत होती.

ते तडक नथ्थू मिस्त्रीच्या गॅरेजवर गेले. नथ्थू स्कूटरखाली झोपला होता. त्यानं तिथूनच सगळं ऐकून घेतलं.

“भाऊ, दोन लिटरमा ही गाडी कजगाव जाई. पन परत येवाव नही.”

“म्हणूनच आलोय. कजगावच्या अलीकडे फाट्यावर चहाची टपरी आहे ना, तिथं कडुलिंबामागं थांब. जाऊन येताना मी साहेबांना चहाला थांबवतो. तू गुपचूप मागून दोन लिटर टाकून दे.”

नथ्थू स्कूटरखालून बाहेर आला. “हाई चोरी नही ना?”

“अरे, चोरीत काढतात. आपण टाकतोय.”

नथ्थूला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी देवरे साक्रीहून धुळेमार्गे चक्क एसटीनं आले. जाताना गाडी घेऊनच जायच्या तयारीनं आले असावेत, असं जगदीशभाऊंना वाटलं. ऑक्टोबरच्या त्या कडकडीत उन्हात डोक्यावर चौकड्यांची टोपी, हातात चामड्याचे मोजे. त्यांनी गाडीभोवती एकही फेरी मारली नाही. सरळ उकिडवे बसून टाकी रिकामी करून घेतली, दोन लिटर पेट्रोल स्वतःच्या हातानं ओतलं आणि स्टिअरिंगवर बसले. हेमलताबाई ओट्यावरून बघत होत्या. जगदीशभाऊंनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

कजगावचा रस्ता. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मध्येच केळीचे हिरवे पट्टे. एरवी या रस्त्यानं उघड्या गाडीतून जाताना जगदीशभाऊंना आपण राजे आहोत असं वाटे. आज देवरे ॲक्सिलरेटर दाबत तेव्हा ते मनातल्या मनात थेंब मोजत होते. पेट्रोलचा काटा बघण्यात अर्थ नव्हता. तो कित्येक वर्षं मध्यावरच अडकलेला होता.

“जरा सावकाश, साहेब.”

“का? इंजिनाला त्रास होतो?”

“नाही, निसर्ग बघायला.”

कजगावच्या वेशीला हात लावून गाडी परत वळली. इंजिनानं एक बारीक आचका दिला. जगदीशभाऊंनी दुर्गादेवीला मनातून नारळ कबूल केला. देवीनं ऐकलं, फाटा आला, टपरी आली, लिंबाच्या खोडामागं नथ्थूचं ढोपरही दिसलं.

“इथला चहा घेतल्याशिवाय कोणी पुढं जात नाही,” जगदीशभाऊ घाईघाईनं म्हणाले आणि देवरेंना गाडीकडे पाठ होईल असं बाकड्यावर बसवलं.

चहा आला. देवरेंच्या खांद्यावरून जगदीशभाऊंना दिसत होतं, नथ्थू कॅन आणि नरसाळं घेऊन वाकलाय, टाकीचं झाकण उघडलंय, पेट्रोल आत जातंय. त्यांनी सुटकेचा पहिला घोट घेतला.

“पाटील साहेब, आता खरं सांगू?” देवरे बशीत चहा ओतत म्हणाले. “मी तुमची गाडी घ्यायला आलोच नाही. तुमचं पितळ उघडं पाडायला आलोय.”

“म्हणजे?” जगदीशभाऊंनी विचारलं.

“अहो, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार अठरा देईल? चांगल्यातली चांगली नऊ-दहा देते. अठरा देते म्हणजे आतलं इंजिन बदललेलं आहे! मागं एकानं इंदूरला असंच पंधरा सांगितलं. बॉनेट उघडलं तर आत व्हॅनचं इंजिन. वरून साहेब, आतून दूधवाला! मला अस्सल गाडी पाहिजे. पेट्रोल पिणारी.”

जगदीशभाऊंनी गाडीकडे पाहिलं. नथ्थूनं कॅन पूर्ण उपडा केला, शेवटचा थेंबही झटकला आणि मोठ्या समाधानानं अंगठा वर करून दाखवला.

“साहेब,” जगदीशभाऊ म्हणाले, “सहा देते.”

“काय?”

“गाडी. सहाच देते. वारा मागून असला तर. मी खोटं बोललो.”

देवरे हसले. “वा! अस्सल पाहिजे म्हणालो तर लगेच सहा? म्हणालो असतो की उडणारी पाहिजे, तर पंख दाखवले असते.”

“आईशप्पथ, साहेब!”

“शपथा कशाला? दोन लिटर टाकलंय. भडगावपर्यंत पोहोचली तर नकली, मध्येच थांबली तर अस्सल. गाडीच सांगेल.”

आणि गाडी आता थेट भडगावला पोहोचणार होती. नथ्थूच्या कृपेनं.

जगदीशभाऊ उठले. “घरून फोन आला वाटतं,” म्हणत टपरीच्या कडेला गेले आणि तिथूनच समोर दिसणाऱ्या नथ्थूला फोन लावला. लिंबामागं घंटी वाजली.

“काढ,” ते कुजबुजले. “टाकलंस ते काढ.”

“आं? आते तर टाकं! कसाले काढू?”

“नळी आहे ना? काढ लवकर.”

“कितलं काढू? बठ्ठं काढू का? सगळं?”

त्याच वेळी देवरेंचा हात खांद्यावर पडला. “काय म्हणतायत वहिनी? सगळं ठीक?”

“हो हो, सगळं, सगळं!” जगदीशभाऊ दचकून ओरडले आणि फोन बंद झाला.

मग त्यांनी देवरेंना पुन्हा बाकड्यावर बसवलं, आणखी एक चहा पाजला, वर भजी मागवली, आणि कांद्याच्या भावाचा विषय काढला. कांद्याचा व्यापारी त्या विषयावर बोलायला लागला की मागं हत्ती नाचला तरी वळून बघत नाही. नथ्थू नळी तोंडात धरून ओढत होता, थुंकत होता, गाडीच्या अंगावर सांडत होता, पुन्हा ओढत होता. थोड्या वेळानं त्याची मोटारसायकल भडगावकडे निघून गेल्याचा आवाज आला. कांद्याचे भाव मात्र पुढं अर्धा तास उतरले नाहीत.

गाडी सुरू झाली. टपरी मागं पडली, केळीचा पहिला मळा आला, आणि गाडी खोकली, थरथरली आणि शांत झाली. देवरेंनी चावी फिरवून बघितली. ते खाली उतरले, एक काडी घेऊन टाकीत बुडवली, बाहेर काढली. कोरडी.

जगदीशभाऊंना काही सुधरेना. निदान थोडं तरी पुढं जायला हवी होती. ते केळीच्या आडोशाला जाऊन पुन्हा नथ्थूला फोन लावून बसले.

“भाऊ, मी गॅरेजवर पोची गऊ. तुम्हीच सांगं ना, सगळं, सगळं. मी बठ्ठं काढी लिन्हं. एक थेंब ठेवा नही! तुम्हाले शोधत वहिनी येल होत्यात आठे, त्यासले बी सांगं मी.”

“हेमलताला सांगितलंस?”

“त्या कॅन लिसन निंघी गयात.”

ते परत आले तर देवरे रस्त्यातच गुडघ्यांवर बसून गाडीच्या पोटाखाली नाक खुपसून वास घेत होते. झालं. पकडले गेलो. शीतल पुण्याला जाणार, गाडी भंगारात जाणार, आणि हा माणूस धुळ्यापासून साक्रीपर्यंत आपलं नाव गाजवणार.

देवरे उठले. डोळ्यांत पाणी होतं.

“दोन लिटर,” ते गहिवरून म्हणाले. “एवढ्याशा अंतरात दोन लिटर! आणि वास बघा, कार्बोरेटर वाहतोय. मूळचा कार्बोरेटर! पाटील, या गाडीला कोणी हातसुद्धा लावलेला नाही. मी घेतली!”

जगदीशभाऊ धुळीतच खाली बसले.

तेवढ्यात हेमलताबाईंची स्कूटी आली. पायाशी नथ्थूचा कॅन, चेहऱ्यावर शाळेतला भाव. “अहो,” त्यांनी सुरुवात केली, पण देवरेंचा फोन वाजला आणि साक्रीचा तो तालेवार व्यापारी एकदम आक्रसला. टोपी काढून हातात घेतली.

“हां ज्योत्स्ना… हो, बघितली… अगं नाही, पेट्रोल खात नाही… मागच्यासारखी नाही ही… खरंच सांगतोय ना… कोण? हो, आहेत इथंच.” त्यांनी फोनवर हात ठेवला. “वहिनी, बायको आहे. तिचा माझ्यावर विश्वास नाही. घरच्या बाईशी बोलायचं म्हणते.”

हेमलताबाईंनी फोन घेतला. जगदीशभाऊंनी डोळे मिटले. संसाराच्या इतक्या वर्षांत या बाईनं वाणसामानाच्या दुकानातसुद्धा खोटं सांगितलेलं नव्हतं.

“नमस्कार ताई. हो, ॲव्हरेजचंच ना?” हेमलताबाईंनी रस्त्यात निपचित पडलेल्या गाडीकडे बघितलं, मग धुळीत बसलेल्या नवऱ्याकडे. “माझ्या डोळ्यांसमोर उभी आहे गाडी. खोटं कशाला सांगू? एक थेंब पेट्रोल पीत नाहीये.”

देवरेंनी हात जोडले. जगदीशभाऊंनी डोळे उघडले. फोनमधून समाधानाचा एवढा मोठा उसासा आला की तो तिघांनाही ऐकू गेला, आणि पाठोपाठ आवाजही.

“मग फार छान झालं, ताई. त्यांना म्हणावं, येताना वाटेत कुठं पंपाबिंपावर थांबू नका. सरळ साक्रीला या. मी मोबाइलवर लोकेशन बघत बसते.”

देवरेंनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि धुळ्याच्या दिशेनं पाहिलं. रस्ता चांगलाच लांब दिसत होता.