भिंतीवर टांगलेलं वय

"एका आकड्याचा तर प्रश्न आहे," थर्झा मेलर म्हणाली. "पाचव्या वर्षापासून सुई हातात आहे माझ्या. अख्ख्या डर्बीशायरात कुणाला पत्ता लागला, तर बॉनेटं शिवायचं सोडून मी कोंबड्या पाळीन."

समोर धाकटी बहीण केझाया दुकानातल्या रिबिनी गुंडाळत बसली होती. ती नुसतं "हं" म्हणाली. केझायाच्या एका 'हं'मध्ये पाद्र्याच्या अख्ख्या प्रवचनाइतका ऐवज असायचा, पण थर्झाला त्या सकाळी तो ऐकायला सवड नव्हती. तिला रविवारच्या आत दहा वर्षांनी लहान व्हायचं होतं!

सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला एकदम सदतीसची व्हावंसं वाटलं, की समजावं, आसपास कुठेतरी पुरुष आहे. इथेही होता. त्याचं नाव जॉब हार्डस्टाफ. बियाण्यांचा व्यापारी, वय बासष्ट, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दोघी बहिणींनी ऑल्डरविक गावात येऊन बॉनेटांचं, म्हणजे बायकांच्या टोप्यांचं, दुकान टाकलं, त्यालाही आता तीन वर्षं होत आली होती. जॉब प्रथम आला तो मेहुणीसाठी बॉनेट घ्यायला. मग रिबीन बदलून घ्यायला आला, मग रिबीन ठीक आहे हे सांगायला आला, आणि मग दर रविवारी चहाला यायला लागला. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा आणि सलगमाच्या बियांबद्दल बोलायचा. थर्झा ऐकायची. सलगमाच्या बियांबद्दल इतकं ऐकून घेणाऱ्या बाईला प्रेम झालेलं असतं, दुसरं काही नाही. रविवारी फाटकाशी त्याचे बूट वाजले नाहीत तर तिला घास जात नसे. हे तिने केझायाला कधी सांगितलं नव्हतं, पण केझाया जेवायला समोरच बसायची.

वय त्याने कधी विचारलं नव्हतं, हिने कधी सांगितलं नव्हतं. सांगत होता तो भिंतीवरचा सँपलर, म्हणजे तिने लहानपणी केलेला भरतकामाचा नमुना.

त्या मुलखात सँपलर नाही असं घर नव्हतं. जुन्या काळी छापील नमुने मिळत नसत, तेव्हा बायका कुठे चांगली नक्षी दिसली की विसरू नये म्हणून कापडाच्या पट्टीवर चार टाके घालून ठेवायच्या. पुढे शाळांनी ते उचललं. पोरी मुळाक्षरं आणि आकडे फुलीच्या टाक्यांनी कापडावरच गिरवायला लागल्या, म्हणजे उद्या कुणाच्याही घरच्या चादरींवर नावाच्या खुणा घालता याव्यात. पोरगी लग्नाची झाली की तेच कापड चौकटीत जाऊन बैठकीत यायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं की मुलगी चिवट आहे. थर्झाच्या सँपलरवर वर अक्षरं होती, मध्ये विटांचं घर, दोन झाडं आणि घराहून मोठा ससा. त्याखाली श्लोक: 'आज बोटांत सुई, उद्या अंगावर माती.' नऊ वर्षांच्या पोरीला मातीची कसली घाई, कोण जाणे! त्यातून 'माती'ला जागा पुरली नव्हती, त्यामुळे शेवटचं अक्षर वर चढून झाडाच्या फांदीवर बसलं होतं. थर्झाचा या कापडावर फार जीव होता. त्या सशाच्या कानांपायी छडी खाऊन रडलेली पोर अजून तिथे कुठेतरी बसलेली आहे, असं तिला वाटायचं.

आणि सगळ्यात खाली: थर्झा मेलर, वय वर्षे नऊ, १८३५.

आता १८७३ चालू होतं. हिशेब शेंबडं पोरही करू शकलं असतं, पण जॉबची नजर अधू होती. "ससा झकास आहे," एवढंच तो म्हणायचा. पण गेल्या रविवारी निघताना तो म्हणाला, "पुढच्या खेपेला मिस पेगना घेऊन येतो. तुमचा सँपलर बघायचाय म्हणतात."

मिस ड्रूसिला पेग म्हणजे त्याची मेहुणी. त्याचं घर तीच सांभाळायची. कुणाच्याही घरी गेली की आधी भिंत बघायची, मग घरातली माणसं. भरतकामाची पुढली बाजू ती मानतच नसे. "पुढून काय, सगळ्याच देखण्या असतात," म्हणायची आणि चौकट उलटी करायची. अशी बाई खास सँपलर बघायला येणार म्हटल्यावर तो उतरवून ठेवायची सोय राहिली नाही. म्हणून थर्झाने ठरवलं, तीनचा चार करायचा.

छोट्या कात्रीने तीन उसवला. खाली बघते तर काय, टाक्यांच्या आड ऊन न लागलेलं कापड पांढरंशुभ्र, आणि भोवतालचं सगळं पिवळट! गेलेला तीन होता त्यापेक्षा जास्त ठसठशीत दिसायला लागला. मग ती जागा चहाने पुसली. जुनं काळं रेशीम तपकिरी पडलेलं, तसा धागा घरात नव्हता, म्हणून पांढरा धागा कडक चहात भिजत घातला. म्हणजे धाग्याला म्हातारं करायचं आणि त्याच धाग्याने आपण तरुण व्हायचं! चार भरून झाल्यावर तिने चौकट लांब धरून पाहिली.

"बघ. जन्मापासून असल्यासारखा दिसतोय."

"कुणाच्या जन्मापासून?" केझाया म्हणाली. "आणि एक सांग ताई, माझा सँपलर शेजारीच टांगलाय. त्यावर वय नऊ, साल १८३८. परवापर्यंत मी तुझ्याहून तीन वर्षांनी धाकटी होते. आज बसल्या जागी सात वर्षांनी थोरली झाले. यापुढे तूच मला ताई म्हणत जा."

थर्झाच्या हे डोक्यातच आलं नव्हतं.

"मग काय करू गं?"

"खोटेपणा पापच आहे," केझाया गंभीरपणे म्हणाली आणि आपली चौकट भिंतीवरून काढून पुढे केली. "पण एकटीने करण्यापेक्षा दोघींनी केलेलं बरं. चहा उरलाय ना?"

रविवारी मिस पेग आली. उंच, वाळकी, चष्मा रिबिनीला लटकवलेला. नमस्कार-चमत्कार झाला न झाला, ती थेट भिंतीपाशी गेली. जॉब नेहमीच्या खुर्चीत बसला. आज त्याने नवा गळपट्टा बांधला होता आणि सलगमाचं नावही काढलं नव्हतं. थर्झाने ते पाहिलं आणि केकचा सगळ्यात मोठा तुकडा त्याच्या बशीत ठेवला.

"घर सरळ आलंय," मिस पेग भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "ससा चुकलाय. पण ससे सगळ्यांचेच चुकतात." मग ती खाली वाकली आणि जरा जास्तच वेळ वाकलेली राहिली. "हा चार मात्र किती टवटवीत राहिलाय हो. बाकीची मंडळी पार म्हातारी झाली, आणि हा एकटा तरणाबांड."

"सावलीत होता," थर्झा म्हणाली.

"आणि चहाचा वास कुठून येतोय?"

"किटलीतून," केझाया म्हणाली.

मिस पेगने शेजारची चौकटही बघितली. "धाकटीचाही चार तसाच. घराण्यातच आहे म्हणायचं." तिच्या ओठांचा एक कोपरा वर गेला. "जॉब, तुम्हाला दिसणार नाही, मीच वाचते. थर्झा मेलर, वय वर्षे नऊ, अठराशे पंचेचाळीस."

जॉबने बशी गुडघ्यावर ठेवली आणि बोटांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"सदतीस?" तो म्हणाला.

थर्झाने मान खाली घातली. लाजणं तिने आधीच बसवून ठेवलं होतं.

जॉबने केकचा तुकडा अर्धाच खाऊन खाली ठेवला. त्याचा चेहरा इतका पडला, की थर्झाला वाटलं, याला घास लागला.

"मिस मेलर," तो म्हणाला, "मी आज तुम्हाला एक गोष्ट विचारायची ठरवून आलो होतो. आता नाही विचारत. मला वाटलं होतं, तुम्ही पन्नाशीच्या आसपास असाल."

थर्झाचं लाजणं चेहऱ्यावर तसंच राहून गेलं.

"पन्नाशी?"

"चांगल्या अर्थाने म्हणतोय मी. आमच्या गिरणीवाल्या स्पेंडलव्हने माझ्याच वयात तरुण बायको केली. तिने त्याला समुद्रस्नानाला नेलं. आला तो खोकतच, ईस्टरच्या आत आटोपला. मला समुद्र नको, मिस मेलर. शेगडीजवळ बसणारी आणि दिवेलागणीनंतर जांभया देणारी सोबत पाहिजे होती."

"मी देते ना जांभया. केझायाला विचारा."

"भांडी घासायचं नाव काढलं की देते," केझाया म्हणाली. "पण देते."

"तुम्ही माझ्या समाधानासाठी बोलताय." जॉबने टोपी उचलली. "एवढ्या तरुण बाईला मी शेगडीजवळ डांबून ठेवणं बरं नव्हे."

थर्झाला रडूच आलं. पायाखाली हिरवळ पसरायला गेली आणि स्वतःच्या हाताने खड्डा खणून बसली! दार गाठायच्या आत त्याला अडवायला हवं होतं, आणि लाज राखायला वेळ नव्हता.

"बसा खाली," ती म्हणाली. "तो आकडा खोटा आहे. मीच केलाय. परवा."

जॉब बसला नाही. उलट त्याचे डोळे पाणावले. "माझ्यासाठी आपलं वय वाढवायला निघालात? असं मन आजकाल कुठे मिळतं?"

"मिस पेग, तुम्ही तरी सांगा हो यांना."

मिस पेग तोवर केकच्या दुसऱ्या तुकड्यापर्यंत पोचली होती. तिने बोटं पुसली. "मी कशाला सांगू? कापडाला सांगू दे. पाठ कधी खोटं बोलत नाही." तिने चौकट उतरवली, मागची फळी काढली आणि कापड जॉबच्या नाकाशी धरलं. मागच्या बाजूला घराच्या विटा अजून लालभडक होत्या आणि झाडं हिरवीगार. त्या सगळ्यात चारच्या जागी फिक्या चहाच्या रंगाची नवीकोरी गाठ. "ही गाठ या आठवड्यातली आहे. मी बायबलवर हात ठेवून सांगेन."

जॉबची टोपी हळूहळू खाली आली. "मग खरं साल कोणतं?"

थर्झाने कापडाकडे पाहिलं. ते वय तिने आजवर तोंडाने एकदाही उच्चारलं नव्हतं, चर्चमध्येसुद्धा नाही. "माझ्याने ते बोलवणार नाही," ती म्हणाली. "भरून दाखवते."

मिस पेगने आपला सुयांचा बटवा पुढे केला. थर्झा खिडकीशी बसली. सगळ्यांच्या देखत तिने चार उसवला आणि तीन भरायला घेतला. वरचा वळसा नीट आला. पण एकदा उसवलेलं, चहाने चोळलेलं, पुन्हा भरून पुन्हा उसवलेलं कापड, ते बिचारं किती सोसणार? तिने खालच्या वळशासाठी सुई ओढली आणि उजवीकडचे दोरे कापसासारखे विरले. टाका धरायला तिथे काही उरलंच नाही. डोळ्यांत पाणी, धागा जिथे धरेल तिथे ती टोचत गेली. एक तिरपी रेघ, मग तळाशी एक आडवी. गाठ मारली, आणि मग तिने पाहिलं. तिने सुबकसा दोन भरला होता.

मिस पेगलाही तो दिसला. दोघींची नजरानजर झाली. पण त्यांच्यातली कुणी बोलायच्या आत जॉबने मेहुणीचा चष्मा ओढून नाकावर चढवला होता.

"अठराशे पंचवीस," त्याने वाचलं आणि बोटं मोजली. "सत्तावन्न!"

त्याचा चेहरा असा उजळला, जसा सलगमाच्या विक्रमी पिकाच्या वर्षीही कुणी पाहिला नव्हता. "थर्झा," तो म्हणाला, 'मिस मेलर' वगैरे सगळं विसरून, "माझ्याहून फक्त पाच वर्षांनी लहान. आणि मला वाईट वाटू नये म्हणून इतके दिवस बोलली नाहीस?" गुडघे कुरकुरत होते, तरी तो खाली बसला आणि ठरवून आणलेली गोष्ट त्याने विचारून टाकली.

"उत्तर देण्याआधी," मिस पेग चष्मा परत घेत हळूच म्हणाली, "तुम्हाला आकड्याबद्दल काही सांगायचंय का?"

थर्झाने जॉबकडे पाहिलं. खरं सांगितलं तर तो पुन्हा बोटं मोजणार, पुन्हा टोपी उचलणार, पुन्हा ती समुद्रस्नानाची गोष्ट काढणार. हे माणूस तिला हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं.

"नाही," ती म्हणाली. "आकडा बरोबर आहे."

केझाया म्हणाली, "हं."

शरद ऋतूत लग्न झालं. केझायाने आपला चार काही उसवू दिला नाही. "एकदा केलंय ते राहू दे," ती म्हणाली. त्यामुळे गावाच्या हिशेबी दोघी बहिणींत तेवीस वर्षांचं अंतर पडलं, आणि "धाकटीला अगदी लेकीसारखं वाढवलंय हो," म्हणून थर्झाचं ठिकठिकाणी कौतुक झालं. आपलेच दात, आपलेच ओठ. करणार काय?

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी चर्चच्या दारात पाद्रीणबाईंनी तिचा हात धरला. वरपासून खालपर्यंत तिला नीट न्याहाळलं.

"मिसेस हार्डस्टाफ, तोंडदेखलं बोलत नाही हं मी. सत्तावन्न वर्षांची बाई कुणी म्हणणार नाही तुम्हाला. सत्तेचाळीसच्या पुढे एक दिवस वाटत नाही."

"हो," थर्झा म्हणाली. "सगळे तसंच म्हणतात."