आत्याच्या नावाचं ताट

आमच्या ऑफिसात असा नियम आहे की, तीन वर्षं ज्या फायलीला कुणाचा हात लागला नाही ती काढून टाकायची. याला वीडिंग म्हणतात, आणि आमच्या सेक्शनचं वीडिंग गेली अठरा वर्षं माझ्याकडे आहे. (प्रमोशन मात्र माझ्याकडे आलेलं नाही. तो विषय वेगळा.) हाच नियम मी घरच्या स्वयंपाकघराला लावला. तो गुन्हा होता, असं पद्मजा, म्हणजे आमची सौ., म्हणते. मी आजही मान्य करणार नाही.

झालं असं की, यंदा घरचा गणपती आमच्याकडे येणार होता. आमच्यात तो दर वर्षी एकेका भावाकडे बसतो. लालबागच्या आमच्या चाळीचा टॉवर झाल्यापासून ही पहिलीच खेप. सतरावा मजला, दोन लिफ्ट, सगळं आहे. पण स्वयंपाकघर एवढंसं, की पद्मजा पोळ्या लाटत असली तर मी पोट आत घेऊनच फ्रिजपर्यंत पोचतो. त्यात जेवायला चोवीस पाहुणे. आणि त्या चोविसात राधाआत्या!

राधाआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय ऐंशी, मुक्काम वरळी. अठ्ठ्याण्णव साली माझ्या लग्नाला आली, त्यानंतर तिने आमचा उंबरा ओलांडला नाही. माझं म्हणणं, पद्मजाच्या माहेरच्यांनी मानाची साडी हलकी दिली. पद्मजाचं म्हणणं, मी आत्याला वाकून नमस्कार केला नाही. सत्तावीस वर्षं आम्ही हे एकमेकांवर ढकलत होतो. यंदा पद्मजा स्वतः वरळीला जाऊन आमंत्रण देऊन आली, आणि आत्या चक्क "येतंय" म्हणाली. तेव्हापासून पद्मजाला एकच ध्यास, आत्या घरात जेवली पाहिजे आणि हसत गेली पाहिजे.

हे सोपं नव्हतं. आत्याला एक खोड आहे. कुणाकडेही गेली की हाताला लागेल ते भांडं फिरवून त्यावर घातलेलं नाव वाचायचं. कुणी दिलं, कुणाच्या लग्नात, कुठल्या साली. मोठ्याने, आणि चष्म्याशिवाय! परळला रामूकाकाकडे आजीच्या नावाची कळशी दिसली नाही, तेव्हा आत्या पाणीही न पिता उठली होती.

हे सगळं मला माहीत होतं. (माहीत असणं आणि वेळेवर आठवणं, ही दोन वेगळी खाती आहेत.) गणपतीच्या आदल्या रविवारी पद्मजा आमच्या मुलीला, मनवाला, घेऊन आत्यासाठी साडी आणायला हिंदमाताला गेली. जाताना म्हणाली, "माळ्याला हात लावू नका हं. गणपती होऊन जाऊ देत."

मी हात लावला. दोन्ही.

माळ्यावर लग्नात आलेली भांडी होती. अकरा तांबे, सात पराती, आणि कशासाठी असतात ते अजून कळलेलं नाही अशी चार भांडी. तीन वर्षांत कुणीही हात न लावलेली! तीन पोती भरली, टॅक्सीत घातली आणि नाक्यावरच्या भांडीवाल्या रामजीभाईकडे मोडीत दिली. बदल्यात चोवीस नवी ताटं घेतली. एकसारखी, चकचकीत, कशावरही नाव नाही. रामजीभाईने फक्त एक ताटली परत केली.

"ये नहीं चलेगा, साहेब. निस्ता पत्रा आहे."

ती मी पिशवीत टाकली.

पद्मजा आली. ताटं बघून तिचा चेहरा खुलला, मग तिने मान वर करून माळा बघितला.

"आत्यांचं भांडं कुठाय?"

"कुठलं?"

"त्यांनी लग्नात दिलेलं!"

"काय दिलं होतं तिने?"

"मला कुठे आठवतंय? पण त्यांना आठवेल ना!" आणि ती मटकन खाली बसली. "सत्तावीस वर्षांनी येतायत हो त्या. पाणी न पिता जातील."

तिचे डोळे भरले होते. मला खरंच वाईट वाटलं. पण चूक झाली म्हणायला माझी जीभ रेटेना. मी सरळ रामजीभाईकडे गेलो. तो म्हणाला, माल सगळा गोडाऊनला गेला, तिथून भट्टीत. बाजूला भांड्यांवर नाव घालायचं मशीन घरघरत होतं, आणि मला ऑफिस आठवलं. फाइल गहाळ झाली तर आम्ही रडत बसत नाही. डुप्लिकेट फाइल उघडतो!

कुणी काय दिलं होतं ते आठवत नव्हतं. म्हणून मी पाहुण्यांची यादीच रामजीभाईच्या पुढ्यात ठेवली. चोवीस ताटं, चोवीस नावं, सगळ्यांवर 'सप्रेम भेट, १९९८'.

"ताटं नवी दिसतायत," पद्मजा म्हणाली.

"जपून वापरली, असं सांग."

चतुर्थीला दुपारी आरती झाली, पानं मांडली. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, उकडीचे मोदक. माझी मावसबहीण मायाताई ओरडली, "अय्या, हे तर माझंच ताट! मी पंखा दिला होता ना रे? ताटपण दिलं होतं वाटतं!" मग जो तो आपलं नाव शोधायला लागला. माझा पुतण्या अनिश तर लग्नात दोन वर्षांचा होता, पण त्यालाही आपण ताट दिल्याचं पटलं. स्वतःचं औदार्य कुणालाच खोटं वाटत नाही.

मग आत्याने ताट हातात घेतलं. फिरवलं. वाचलं. "सौ. राधाबाईंकडून सप्रेम भेट."

पद्मजाने माझा दंड घट्ट धरला.

"सुशांता," आत्या म्हणाली, "मी तुझ्या लग्नात ताट देऊक नाय."

मी घाईघाईने मोदक पुढे केले.

"मी काय्येक देऊक नाय. गिरणी बंद पडलेली. हात हलवीत इलंय नि हात हलवीत गेलंय. मगे देतंय, मगे देतंय म्हणान वर्सां गेली. मगे तुमच्याकडे येवची लाज वाटाक लागली." तिने पदराने आधी ताट पुसलं, मग डोळे. "नि तुमी माझा नाव घातलात!"

म्हणजे आत्या रुसलीच नव्हती. सत्तावीस वर्षं आम्ही उगाच साडीवरून भांडलो. पद्मजा तर रडतच होती. आत्याने तिला जवळ ओढलं. "ये गो, माझ्या ताटात जेव. ह्यां तुझाच डोक्यां. ह्याका इतक्यां सुचाचां नाय."

"अगं आत्या, ताटं मी आणली! नावं मी घातली!" मी छाती पुढे काढून म्हणालो.

सगळे पोट धरून हसले. कुणाचाही विश्वास बसला नाही. चोवीस साक्षीदारांसमोर माझं आयुष्यातलं एकमेव यशस्वी वीडिंग पद्मजाच्या नावावर जमा झालं.

वाढप उरकून मी जेवायला बसलो, तर माझ्यासाठी ताटच नाही. यादी पाहुण्यांची होती. मी पाहुण्यांत नव्हतो. मनवाने कुठूनशी ती रामजीभाईने परत केलेली ताटली आणली. तिच्यात एक वडा बसला. मोदक मी हातात धरला.

एवढ्यात आत्याने माझ्या हातून ताटली घेतली, वडा उचलून माझ्या हातावर ठेवला, ताटली फिरवली आणि चष्म्याशिवाय, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "कु. सुशांत. इयत्ता चौथी. लिंबू-चमचा. उत्तेजनार्थ."