गिळलेला राग

होमिओपॅथीच्या डॉक्टर अस्मिताबाईंनी दिलेला फॉर्म आठ पानांचा होता, आणि ज्याच्यासाठी तो भरायचा त्या पेशंटला अजून दातही आले नव्हते. म्हणून आजोबा, म्हणजे चंद्रभानजी, तो भरत होते. ते शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले. घरात त्यांच्या अक्षराला मान होता, मताला तेवढा नव्हता.

नातू सात महिन्यांचा. दुपारी डोळा मिटायचा नाही, आणि एकदा रडायला लागला की वाडी नाक्यावरच्या ट्रकचे हॉर्नही ऐकू येत नसत. पुढच्या सोमवारी सुनेची, मिनलची, रजा संपत होती. तिला नागपूरच्या मिहानमधल्या कंपनीत परत रुजू व्हायचं होतं.

"दुपारी निजला तं सांभाळीन मी," शामलाबाईंनी, तिच्या सासूबाईंनी, आधीच सांगून ठेवलं होतं. "नाही तं माह्या गुडघ्यानं होत नाही. मंग नोकरी सोडा लागन तुले."

चंद्रभानजी वाचू लागले. "बाळ खेळणं मागून मग फेकून देतं का?"

"देते," दोघी म्हणाल्या.

"उचलून घेतल्यावर गप्प होतं की आणखी चिडतं?"

"कोण उचलते त्याच्यावर आहे," मिनल म्हणाली. शामलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"गर्भारपणात आईला कुणावरचा राग गिळावा लागला का?"



"पोराच्या फारमात हे काहून?" शामलाबाईंनी विचारलं.

"आईच्या मनावरून बाळाचं औषध ठरवतात म्हणे."

"लिहा 'नाही'. आपल्या घरी कोणी कोणावर रागवते का?"

मिनल छताकडे पाहत होती. चंद्रभानजींनी सुवाच्य अक्षरात 'नाही' लिहिलं.

साबुदाण्याएवढ्या गोळ्या आल्या. चार दिवस झाले तरी बाळ जागंच.

"काका, कुणीतरी काहीतरी लपवलंय," डॉक्टर फोनवर म्हणाल्या. "वर्णन चुकलं की औषध चुकतं. तो रागाचा प्रश्न परत विचारा."

शनिवारी दुपारी, बाळाचं रडणं चालू असतानाच, त्यांनी तो परत विचारला.

"खरं सांगू?" मिनल म्हणाली.

"सांग ना. पोराच्या झोपेचा सवाल आहे," शामलाबाई म्हणाल्या. आपलं नाव येणार नाही याची त्यांना खात्री होती.

"सातव्या महिन्यात मले तर्री-पोहे खा वाटत होते. तुम्ही खाऊ दिले नाही."

"पोराले पोटात तिखट लागलं असतं!"

"अन् सोता माह्यासमोर बसून खाल्ले. दोन प्लेटा."

"दीड! अर्धी ह्यांच्यासाठी ठेवली होती."

"ते तं बाबांनी मलेच आणून दिली."

शामलाबाई नवऱ्याकडे वळल्या. चंद्रभानजी फॉर्मवर आणखी वाकले आणि त्यांचा लिहिण्याचा वेग वाढला.

मग माहेरची साडी निघाली, डोहाळजेवणात मिनलच्या आईला मागच्या रांगेत बसवल्याचं निघालं, कुकरच्या शिट्ट्यांचा हिशेबही निघाला. आवाज चढत गेले. पुरवणीचा तिसरा कागद संपला तेव्हा चंद्रभानजींचं पाळण्याकडे लक्ष गेलं. बाळ तोंड उघडं टाकून झोपलं होतं.

"अवं, निजला!"

दोघी एकदम गप्प झाल्या. बाळ दचकून उठलं आणि रडू लागलं.

चंद्रभानजींचा स्वतःच्या निष्कर्षांवर कधीच विश्वास नसे. रविवारी त्यांनी दोघींना आणखी दोनदा भांडायला लावलं, दोन्ही वेळा बाळ झोपलं, तेव्हा कुठे डॉक्टरांना कळवलं. पलीकडे बराच वेळ हसू दाबल्याचा आवाज येत राहिला.

"ह्याच्यावर माझ्याकडे गोळी नाही, काका. गोळ्या बंद करा आणि हेच चालू ठेवा."

सोमवारी मिनल रुजू झाली. रोज दीड वाजता, जेवणाच्या सुट्टीत, तिचा फोन यायचा. शामलाबाई तो स्पीकरवर टाकायच्या आणि पाळण्याची दोरी धरायच्या. दहा मिनिटं दोघी मनापासून भांडायच्या. बाळ झोपायचं.

पण दोन आठवड्यांत साठलेलं सगळं भांडून संपलं. एके दुपारी शामलाबाई चक्क "जेवली का वं?" असं विचारून बसल्या.

"हो आई. तुमचे गुडघे कसे आहेत?"

बाळानं भोकाड पसरलं. तेवढ्यात मिनलला मीटिंगला बोलावलं आणि फोन बंद झाला.

"आता तुम्ही भांडा," शामलाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"मी?"

"मंग कोण? हा असाच रडला तं तिले घरी बसा लागन. अडतीस वर्षांत कायबी खुपलं नाही का तुमाले?"

चंद्रभानजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. सुनेची नोकरी त्यांच्या डोळ्यांपुढे आली.

"मले... तुह्या हातची आंबाडीची भाजी आवडत नाही," ते पुटपुटले.

"कधीपासून?"

"लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून."

"अन् मिटक्या मारत खाता ते?"

"तुले वाईट वाटू नये म्हणून."

"अजी, मंग अडतीस वर्षं मी तिचे पानं काहून निवडत बसली?" शामलाबाईंचा आवाज माजघर ओलांडून अंगणात गेला.

बाळाचं रडणं मंदावलं, थांबलं. डोळे मिटले. चंद्रभानजींनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि हळूच पुस्तकाकडे हात नेला.

शामलाबाईंनी पुस्तक बाजूला सारलं आणि खुर्ची त्यांच्या पुढ्यात ओढली.

"अन् काय काय आवडत नाही?"

"हळू बोल," चंद्रभानजी कुजबुजले. "निजला तो."

"म्हणूनच म्हणून राहिली," शामलाबाई म्हणाल्या. "मोठ्यानं बोला. गप्प बसले तं उठन तो."