भाऊसाहेबांनी मराठी सोडली

आषाढी एकादशीला माणसं चातुर्मासापुरती काय काय सोडतात. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी वांगं, कुणी गादीवर झोपणं. माझ्या थोरल्या जावेनं एकदा चहा सोडला होता. आठव्या दिवशी घरच्यांनी हात जोडून तिला परत प्यायला लावला. पण मातृभाषा सोडलेला माणूस मी बहात्तर वर्षांत एकच पाहिला. आमचे शेजारी, भाऊसाहेब पागनीस.

त्या सकाळी मी त्यांच्याकडे साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले. म्हटलं, "भाऊसाहेब, डबा ओट्यावर ठेवते." तर हा मनुष्य दारात ताठ उभा राहिला, खालचा ओठ दातांत धरला आणि म्हणाला, "व्हेरी काइंड ऑफ यू."

मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, माझ्या पाठीमागे कुणी साहेब येऊन उभा आहे.

माझी शाळा चौथीपर्यंत. मी म्हटलं, "काय झालं तुम्हाला? उपास बाधला का?" त्यावर ते आणखी काही इंग्रजी बोलले आणि डबा घेऊन आत गेले. त्यांच्याकडची कामवाली सुनीता भांडी घासत होती. ती म्हणाली, "अम्माजी, बाबूजी ने मराठी छोड़ दी है. कार्तिक की ग्यारस तक. हिंदी भी."

"हिंदी का?"

"बोले, मराठी माँ है तो हिंदी मौसी है. दोनों का असर जाना चाहिए."

मी तिथेच पायरीवर बसले.

धक्का का बसला ते सांगते. दुसऱ्या कुणी सोडली असती तर मी हसून घरी गेले असते. पण पागनीसांचे पूर्वज शिंदे सरकारच्या दफ्तरात मोडी लिहायचे आणि भाऊसाहेब ते रोज एकदा तरी सांगायचे. स्वतः ते सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. रिटायर झाल्यावर फायली गेल्या, मग ते माणसं तपासायला लागले. आमच्या उज्जैनच्या मराठीत हिंदी इतकी मिसळलीय की कुठली कुठे संपते ते आम्हाला कळत नाही. भाऊसाहेबांना कळायचं. तांदळातले खडे निवडावेत तसे ते आमच्या बोलण्यातून हिंदी शब्द वेचून काढायचे. मी म्हणायची, "बाजारात जाऊन राहिले." ते गॅलरीतून म्हणायचे, "जाते आहे म्हणा, वहिनी. शुद्ध बोला. शुद्ध बोलायला काही वेगळं तोंड लागत नाही." बाजारात पोचेपर्यंत मी काय आणायला निघाले होते तेच विसरलेली असायची.

आम्ही निदान आपल्या घरी जाऊन सुटायचो. त्यांची बायको शालू कुठे जाणार? शालू म्हणजे बडबडीची खाण. जन्म इथलाच, त्यामुळे अर्धी मराठी, अर्धी हिंदी, तोंडी लावायला माळवी. ती गोष्ट सुरू करायची, "अहो, आज काय झालं, मी गेट उघडून राहिले होते तर..." आणि भाऊसाहेब म्हणायचे, "फाटक. आणि उघडत होते." गोष्ट फाटकातच अडकायची. पुढे काय झालं ते आम्हाला दुपारी कळायचं, भाऊसाहेब झोपल्यावर.

होळीनंतर शालूला लकवा झाला. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं आणि वाचा गेली. हात थोडा परत आला. डॉक्टर म्हणाले, "जिभेत आता दोष नाही. यांना बोलतं करा. कसंही बोलू द्या, पण बोलू द्या. हेच महिने कामाचे. गप्प बसल्या तर कायमच्या गप्प बसतील." मी शेजारीच उभी होते, माझ्या कानांनी ऐकलं.

आणि असं घरात चाललेलं असताना यजमान काय करतात? इंग्रजी शिकतात!

इथल्या फ्रीगंज बाजारात एका औषधाच्या दुकानावर पाटी आहे: 'अंग्रेजी से मातृभाषा का प्रभाव हटाएँ.' मी ती रिक्षातून पाहिलीय. मला वाटलं, चामखीळ, डाग असलं काही हटवणाऱ्या डॉक्टरची असेल. निघाली वरच्या मजल्यावरची इंग्रजीची शिकवणी. तिथे नोकरीसाठी पोरं-पोरी जातात. त्यांच्यात हे एकोणसत्तर वर्षांचे भाऊसाहेब, धोतर नेसून, पहिल्या बाकावर. पुढे शालूला फार वेळ एकटं ठेवता येईना म्हणून तिथली शिकवणारी मुलगी रोज दुपारी त्यांना फोनवर शिकवायला लागली. भाऊसाहेब तिला 'मिस' म्हणत. मिस त्यांच्या नातीच्या वयाची.

मिसनं सांगितलं, पेन्सिल दातांत आडवी धरून वाचा म्हणजे जबडा मोकळा होतो. हे गॅलरीत लगाम घातलेल्या घोड्यासारखे उभे राहून पेपर वाचायचे. खालून दूधवाला वर बघायचा आणि दूध सांडायचा. मिसनं सांगितलं, आपली माणसं 'प' म्हणतात त्यात हवा नसते, इंग्रजांच्या 'प'मध्ये हवा असते. तोंडासमोर मेणबत्ती धरा, ज्योत हलली पाहिजे. मग काय, दिवसभर "पेपर, पॉकेट, पोस्ट". मेणबत्त्या संपल्या तेव्हा गृहस्थ देवघरात गेले आणि निरांजनासमोर बसून "पेपर" म्हणाले. दिवा विझला.

मी दारातून पाहिलं. माझ्या हातातली वाटी पडली. "अहो, तोंडानं दिवा विझवलात? देवापुढचा? घरात आजारी माणूस आहे!"

"सॉरी," भाऊसाहेब म्हणाले, आणि काडी ओढली. तोंड मात्र खूश दिसत होतं. हवा निघाली होती ना!

भाजीवाल्याकडची तऱ्हा तर सगळ्या गल्लीनं पाहिली. त्यांना गिलकी, म्हणजे घोसाळी, हवी होती. गिलकीला इंग्रजीत काय म्हणतात ते त्यांना येईना. बोट दाखवून "धिस, धिस" करत राहिले. गाडीवाला म्हणाला, "बाबूजी, गिलकी बोल दो ना. अंग्रेज भी गिलकी ही बोलता होगा." भाऊसाहेबांनी मान हलवली आणि बोटाखाली जे आलं ते, म्हणजे दोन किलो कारली, घेऊन घरी आले. गणपतीत आरतीला नुसती झांज वाजवली, ओठ मिटून. शेजारच्या मुली तोंडात ओढणी धरून हसत होत्या.

मी मात्र हसत नव्हते. मी रोज दुपारी शालूजवळ बसायची, ती काय करत होती ते मी बघत होते. दोघीच असलो की ती प्रयत्न करायची. "पा... पा..." म्हणायची, मी पाणी द्यायची. एकदा माझ्या साडीला हात लावून "ला... लाल" म्हणाली. साडी निळी होती, पण मी म्हटलं, "हो गं, लाल." तेवढ्यात भाऊसाहेब आत आले की तिचे ओठ बंद. दार लावल्यासारखे बंद. नजर भिंतीकडे.

गौरी गेल्या त्या दिवशी मी तोंड सोडलं. ते आरशासमोर ओठांचा चंबू करून "वॉटर, वॉटर" करत होते. मी म्हटलं, "भाऊसाहेब, लाज वाटू द्या थोडी. बायको पाण्याला पाणी म्हणू शकत नाही आणि तुम्ही वॉटर घोकताय? कुणाशी बोलायचंय तुम्हाला इंग्रजीत? कोणता गोरा येऊन राहिलाय तुमच्या दारी?"

'येऊन राहिलाय' मी मुद्दाम म्हटलं. एरवी उडी मारली असती. त्यांनी उडी मारली नाही. खुर्चीवर बसले, टेबलाच्या खणातून कोरा कागद काढला आणि लिहायला लागले. नेम जिभेचा होता, हाताचा नव्हता, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी कागद माझ्या हातात दिला. मी अक्षर अक्षर जोडून वाचते, पण त्यांचं अक्षर मोत्यासारखं. तो कागद माझ्याकडे अजून आहे, म्हणून जसाच्या तसा देते.

'विषय: सौ. शालिनी हिच्या बोलण्याबाबत.

१. ती आपल्याजवळ अर्धे शब्द बोलते ते मला स्वयंपाकघरात ऐकू येते. मी आलो की थांबते.

२. कारण मी आहे. बेचाळीस वर्षे मी तिचे एकही वाक्य पुरे होऊ दिलेले नाही.

३. कसेही बोल, असे तिला सांगून पाहिले. तिने विश्वास ठेवला नाही. ते बरोबरच ठरले. दुसऱ्याच दिवशी ती "पानी" म्हणाली आणि माझ्या तोंडून "नीट बोल" निघून गेले. त्यानंतर ती माझ्यासमोर बोललेली नाही.

४. सबब ज्या दोन भाषांत मला चुका काढता येतात त्या दोन्ही बंद केल्या आहेत. जी येत नाही ती तिच्यासमोर बोलतो. घरात वाकडे बोलणारी ती एकटी असू नये.

माहितीस्तव सादर.'

खाली सही. आणि तारीख.

मी कागद दोनदा वाचला. चाळीस वर्षं ज्या माणसाला मी मनातल्या मनात शिव्या देत आले, तो माणूस त्याच शिव्या नंबर घालून, सही करून मला देत होता. मी म्हटलं, "मग हे आधी का नाही सांगितलंत?"

त्यांनी कागद परत घेतला आणि खाली लिहिलं, 'आपण शालिनीला सांगितले असते.'

ते खरं होतं. माझ्या पोटात काही राहत नाही.

त्या दिवसापासून मी शिकवणीला हजर राहायला लागले. शालूच्या पलंगासमोर टेबल, टेबलावर तांब्याला टेकवलेला फोन, फोनमध्ये मिस, आणि मिससमोर भाऊसाहेब रोज नवी चूक करणार. मिस म्हणायची, "अगेन, सर." हे पुन्हा चुकायचे. मी शालूकडे बघायची. ती भिंतीकडे बघायची. पितृपक्ष गेला. नवरात्र बसलं. ती भिंतीकडेच. डॉक्टरांनी सांगितलेले महिने संपत आले होते आणि मला वाटायला लागलं होतं की आता काही होत नाही. म्हातारा उगाच तोंड दुखवून घेतोय.

अष्टमीच्या दुपारचं सांगते. मिसनं एक वाक्य दिलं होतं, "पुट द पॉट ऑन द टेबल." सगळी हवेची अक्षरं. मेणबत्ती पेटवलेली. पहिल्यांदा ज्योत हलली नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा भाऊसाहेबांनी छाती भरून असा "पुट" सोडला की हवेबरोबर थुंकीही गेली. मेणबत्ती चर्र करून विझली आणि मिसनं पलीकडे दचकून तोंड मागे घेतलं, जणू काही तिच्यावरच उडाली.

शालूचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, दुसरा झटका. मी उठून तिचं तोंड धरलं. ती हसत होती. अर्ध्या तोंडानं, एका बाजूनं लाळ गळत होती, आणि हसत होती.

भाऊसाहेबांनी मागे पाहिलं नाही. पुन्हा मेणबत्ती लावली. पुन्हा "पुट द पॉट".

"चू... चूप ऱ्हा," शालू म्हणाली. "डो... डोकं... दुखून राहिलं... माझं."

सहा शब्द. मी मोजले. मी भाऊसाहेबांच्या तोंडाकडे पाहिलं. ते तोंड मला ओळखीचं आहे. कुणी असं बोललं की आधी भुवया वर जातात, मग हनुवटी, मग शब्द येतो. भुवया वर गेल्या. हनुवटीही उचलली. मी तांब्याकडे हात नेला. म्हटलं, बोलला तर याला तांब्या फेकून मारते.

हनुवटी खाली आली. फोनमधून मिस विचारत होती, "सर? इज समवन देअर?"

"माय वाइफ," भाऊसाहेब म्हणाले. "शी इज स्कोल्डिंग मी." आणि त्यांनी फोन बंद केला.

मला वाटलं, आता नेम मोडतील. बायकोजवळ जातील, हात धरतील, मराठीत काहीतरी बोलतील. तसलं काही नाही. त्यांनी खुर्ची पलंगाच्या आणखी जवळ ओढली, मेणबत्ती समोर धरली आणि पहिल्यापेक्षा वाईट म्हटलं, "पुट द पॉट ऑन द टेबल."

"अरे... चूप!" शालू म्हणाली. या वेळी अडखळली नाही.

मी पदर खोचला आणि निघाले. मला तिथे काही काम नव्हतं, आणि घरी माझा फोडणीचा भात गार होत होता. जिन्यात पोचले तरी तिचा आवाज येत होता. फोन बंद होता, शिकवणारी गेलेली होती, आणि भाऊसाहेब अजून चुकतच होते.