कुमुदिनीबाईंचं अळीपालन

एका जंगलात, बाळांनो, खायला भरपूर होतं. त्यामुळे काय खावं याची चिंता करायला सगळ्यांना भरपूर वेळ होता.

त्या जंगलाच्या कडेला, चिंचेच्या ढोलीत, साळुंक्यांचं एक जोडपं राहायचं. बायकोचं नाव कुमुदिनी, नवऱ्याचं मोरेश्वर. चिंचेखाली गवताचं कुरण होतं. त्यात इतके नाकतोडे होते, की चोच उघडी ठेवून नुसतं चाललं तरी पोट भरावं.

तुम्ही म्हणाल, मग गोष्ट कशी घडणार? सुखी घरात गोष्ट घडायची असली की नातेवाईक येतात.

हिवाळ्यात मोरेश्वरची मावसबहीण शर्मिष्ठा आली. ती भोरडी होती. भोरड्या थंड मुलुखात राहतात, हिवाळा काढायला इकडे येतात आणि इकडचं सगळं कसं चुकतंय ते सांगून परत जातात.

"वहिनी, तुम्ही अजून बाहेरचं खाता?" शर्मिष्ठेने विचारलं.

"बाहेरचं म्हणजे?"

"आमच्याकडे घरोघरी अळ्या पाळतात. कोंड्यातल्या, पिवळ्याधमक. त्यांनी काय खाल्लंय ते आपल्याला ठाऊक असतं. नाकतोडा कुठेकुठे बसून आलाय, सांगता येतं का?"

हे बोलताना तिच्या पायाखाली एक नाकतोडा दाबलेला होता. मोरेश्वर तिकडे बघायला लागला, तशी ती म्हणाली, "इथे आलं की इथल्यासारखं राहावं लागतं, दादा."

त्या दिवसापासून कुमुदिनीला नाकतोडा गोड लागेना.

ऊन तापू लागलं आणि शर्मिष्ठा निघून गेली. जाताना तिने वहिनीला गावातली पिठाची गिरणी दाखवली. गिरणीमागे कोंड्याचा ढीग होता आणि त्यात पिवळ्या अळ्या वळवळत होत्या. कुमुदिनीने चोचीने एकेक करत त्या घरी आणल्या. त्याच सुमाराला तिला तीन पिल्लं झाली.

"माझी पोरं घरचंच खातील," ती म्हणाली.

अळ्यांना ऊब लागते, अंधार लागतो. घरात ऊब आणि अंधार होता तो ढोलीतच. म्हणून ढोली अळ्यांना दिली आणि पिल्लांना बाहेर फांदीच्या बेचक्यात ठेवलं. अळ्यांना कोंडा लागतो. म्हणून मोरेश्वर उजाडताच गिरणीवर जायचा, चोचभर कोंडा आणायचा आणि पुन्हा जायचा. नाकतोड्यांनी भरलेल्या कुरणावरून तो उपाशीपोटी उडायचा, अळ्यांचं जेवण आणायला.

पिल्लं चोची वासून ओरडत राहायची.

"अगं, त्यांना थोड्या अळ्या दे की," मोरेश्वर म्हणाला.

"इतक्यात नाही. अजून लहान आहेत."

"लहान आहेत म्हणूनच म्हणतोय."

"अळ्या लहान आहेत," कुमुदिनी म्हणाली.

शेजारच्या करंजावर सातभाई राहायचे. हे पक्षी टोळक्याने हिंडतात. एकाने मान डोलावली की सगळे डोलावतात. ते रोज अळ्या पाहायला यायचे. कुमुदिनी पायाने कोंडा बाजूला सारून दाखवायची.

"किती टापटीप ठेवल्यात," पहिला म्हणायचा. बाकीचे माना डोलवायचे. बेचक्यातल्या पिल्लांकडे कुणी पाहायचं नाही. तिथे पाहण्यासारखं फारसं उरलंही नव्हतं.

एका दुपारी वारा सुटला आणि धाकटं पिल्लू बेचक्यातून खाली पडलं. कुमुदिनी ढोलीत कोंडा वरखाली करत होती. मोरेश्वर गिरणीवरून परतला तेव्हा बेचक्यात दोनच चोची दिसल्या. कुरणात मुंगूस फिरायचं. मोरेश्वरच्या चोचीतला कोंडा वाऱ्यावर उडाला आणि तो खाली झेपावला.

पिल्लू एका गवताच्या झुबक्यात बसलं होतं. त्याच्या चोचीतून नाकतोड्याची तंगडी बाहेर आली होती.

"बाबा, हे काय आहे?"

"जेवण."

"आईने पाळलंय का?"

"नाही. खा तू."

मोरेश्वर त्याच्या शेजारी बसला. मग त्यानेही एक खाल्ला, आणखी एक खाल्ला आणि त्याचे डोळे भरून आले. त्याने पिल्लाला काटेरी झुडपात लपवलं. त्या दिवसापासून तो कोंडा आणायच्या निमित्ताने वरच्या दोघांनाही नाकतोडे भरवू लागला.

पण थोरलीच्या चोचीला हिरवा पंख चिकटलेला कुमुदिनीने पाहिलाच.

"मी इथे रक्त आटवतेय आणि तुम्ही पोरांना गवतातलं चारता? वन्संना कळलं तर काय म्हणतील त्या?"

"धाकटा खाली पडला होता, कुमुद. तो कधीपासून झुडपात आहे, तुला ठाऊक तरी आहे का?"

कुमुदिनीने वाकून खालच्या झुडपाकडे पाहिलं. मग पिल्लांसाठी चांगल्या जाड अळ्या निवडायच्या म्हणून ती ढोलीत शिरली.

ढोलीत एकही अळी नव्हती. सगळ्यांचे पांढरट कोष झाले होते. थोड्या दिवसांनी कोष फुटले आणि आतून काळे, टणक भुंगेरे निघाले. पिल्लांनी ते चोचीत धरून पाहिले आणि टाकून दिले.

नेमके तेव्हाच सातभाई आले. त्यांनी आत डोकावलं.

"वहिनी, अळ्या कुठायत?"

कुमुदिनीला रडू येत होतं. पण सात जणांसमोर रडेल तर ती कुमुदिनी कसली.

"हा पुढचा टप्पा आहे," ती म्हणाली. "इथपर्यंत सगळ्यांना जमत नाही."

सातभाईंनी माना डोलावल्या. "आम्हाला शिकवाल?"

"शिकवीन. पण गुरूकडे रिकाम्या चोचीने येऊ नये."

दुसऱ्या दिवशी सातभाई आले. प्रत्येकाच्या चोचीत एकेक गलेलठ्ठ नाकतोडा होता. मग बुलबुल आले, दयाळ आले, तांबट आले. कुमुदिनी ढोलीच्या तोंडाशी बसून शिकवायची आणि मागे तिची पोरं फी खायची. धाकटाही उडत उडत वर आला. तिघं इतकी गुबगुबीत झाली, की शिष्य एकमेकांना दाखवायचे, "बघा, घरच्या अळ्यांचा गुण."

"मग आता ते भुंगेरे टाकून देऊ का?" मोरेश्वरने हळूच विचारलं.

"नको. वर्गात दाखवायला काहीतरी लागतं."

शिष्यांनी आपापली घरटी अळ्यांना दिली. दिवसभर ते कोंडा वाहायचे आणि सापडेल तो किडा फी म्हणून पोचवायचे. त्यांची पिल्लं वाळत चालली.

"तुमचंच काहीतरी चुकत असणार," कुमुदिनीबाई म्हणायच्या आणि त्यांना पुन्हा पहिल्या वर्गात बसवायच्या.

तात्पर्य : अळ्या पाळून पोट भरत नाही, अळ्या कशा पाळाव्यात हे शिकवून भरतं. आणि बाळांनो, जन्म घ्यायचाच असेल तर गुरूच्या घरी घ्यावा, शिष्याच्या नव्हे.